तलावाकाठून : रिलेतली चौथी

गेल्या अंकात निवड चाचण्यांबद्दल लिहिताना चार बाय शंभर मीटर फ्रीस्टाइल रिलेचा (चौघांनी एकापाठोपाठ शंभर-शंभर मीटर पोहायची संघाची शर्यत) मी ओझरता उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की या वेळची सगळी जागा रिलेलाच दिली आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं सगळ्यांचीच गाळली आहेत.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, पाचवीपासून पोहते. नुकत्याच झालेल्या चाचणीत १०० मीटर फ्रीस्टाइलला चौथी आली. वैयक्तिक शर्यतीत तिला घेतलं नाही, रिलेच्या संघात घेतलं. तिचे सर म्हणाले, 'ही रिलेची पोरगी आहे.' तिच्या बाबांचं म्हणणं असं की पोरीत दम नाही हे सांगायची ही गोड पद्धत आहे. पुढच्या वर्षी दहावी. चालू ठेवावं की थांबवावं?
— एक आई, लालबाग

ताई, सर जे म्हणाले ते मी जसंच्या तसं धरेन. कौतुक म्हणूनच.

रिलेला चौघी लागतात आणि संघाची वेळ म्हणजे चौघींच्या वेळांची बेरीज. चौथीने वाचवलेला सेकंद आणि पहिलीने वाचवलेला सेकंद, दोन्हींचं मोल सारखंच. पण पहिलीचा सेकंद निघता निघत नाही. जी आधीच वेगात आहे तिची वेळ अर्ध्या सेकंदाने खाली आणायला कधी कधी अख्खा मोसम जातो. चौथीच्या पोहण्यात अजून जागा असते. टर्नला (भिंतीशी वळताना) भिंतीपासून लांबच गोळा होते, भिंत सोडली की पहिल्याच हाताला श्वास घेते, शेवटच्या पंधरा मीटरला पाय मंदावतात. एवढंच नीट बसवलं तरी वेळ घसघशीत खाली येते. म्हणून ज्याला संघ जिंकवायचा असतो तो कोच सर्वात जास्त वेळ चौथीवर घालवतो. तुमच्या मुलीवर सरांचं लक्ष असेल तर ते उगीच नाही.

आता तिच्या बाबांच्या शंकेबद्दल. त्यांना जेसन लेझॅकची गोष्ट सांगा. हा अमेरिकेचा स्प्रिंटर. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो या रिलेत पोहला. तोवर अमेरिका ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत कधीच हरली नव्हती, त्या वर्षी ऑस्ट्रेलियाकडून हरली. २००४ ला अथेन्समध्ये तो पुन्हा संघात होता. दक्षिण आफ्रिका जिंकली, नेदरलँड्स दुसरी, अमेरिका तिसरी. दोन ऑलिम्पिक, दोन हार. मधल्या काळात त्याच्याकडे कोचही उरला नाही, तो स्वतःच स्वतःचा सराव आखायचा. २००८ ला बीजिंगला गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. स्प्रिंटरच्या हिशेबाने म्हाताराच म्हणायचा.

तिथे त्याला शेवटचा लेग, म्हणजे चौथ्याचे शंभर मीटर, दिला. त्याने सूर मारला तेव्हा फ्रान्सचा अलँ बर्नार्ड ०.५९ सेकंदाने पुढे होता, आणि बर्नार्ड म्हणजे त्या शर्यतीच्या सकाळपर्यंत १०० मीटरचा विश्वविक्रमवीर. पन्नास मीटरची भिंत आली तरी फरक मिटला नव्हता. परतताना बर्नार्ड दोघांच्या लेनमधल्या दोरीला चिकटून पोहत होता आणि दोरीच्या अलीकडे लेझॅक. पुढच्याने कापलेल्या पाण्याचा आधार घेत, शेवटच्या वीस-पंचवीस मीटरला त्याने बर्नार्डला गाठलं. अमेरिका ३:०८.२४, फ्रान्स ३:०८.३२. लेझॅकचा लेग ४६.०६ सेकंदांचा होता. रिलेत तोवर कोणी एवढ्या वेगात पोहलं नव्हतं. त्याच संघातल्या मायकल फेल्प्सने बीजिंगला मिळवलेल्या आठ सुवर्णपदकांतलं एक या म्हाताऱ्याने राखलं.

बाबांना पुढचा भागही आवर्जून सांगा. त्याच आठवड्यात १०० मीटरची वैयक्तिक फायनल झाली. सुवर्ण बर्नार्डला मिळालं, ४७.२१ मध्ये. लेझॅक ४७.६७ मध्ये आला आणि ब्राझीलच्या सेझार सिएलोबरोबर कांस्यपदक वाटून घेतलं. तोच माणूस, तेच पाणी. उडत्या स्टार्टचा (आधीचा भिंतीवर येत असतानाच अंगाला वेग देऊन निघण्याचा) फायदा वजा केला तरी रिलेतला लेझॅक हा एकट्याने पोहणाऱ्या लेझॅकपेक्षा वेगवान निघतो. काही पोहणारे असेच असतात. मागे तिघे थांबले आहेत म्हटल्यावर त्यांच्या हातात कुठून तरी जास्तीचं बळ येतं. 'रिलेची पोरगी' म्हणतात ती ही.

मुलीचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रेलियाची एमा मॅकिऑन घ्या. रिओ ऑलिम्पिकच्या चार पदकांपैकी तीन तिला रिलेत मिळाली होती. पाच वर्षांनी टोकियोत तिने ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइलची वैयक्तिक सुवर्णपदकंही घेतली. पॅरिस धरून तिची एकूण ऑलिम्पिक पदकं १४, त्यांतली १० रिलेची. रिलेत राहून माणूस एकट्याच्या शर्यतीला पारखा होतो असं काही नाही, उलट मोठ्या पाण्याची सवय तिथेच होते.

आणि माझं म्हणाल, तर मी महाराष्ट्राकडून तिसरा लेग पोहायचे. राष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक पदक मला कधीच मिळालं नाही. जी मिळाली ती सगळी रिलेची. एकटीने पोहताना शेवटचे वीस मीटर जड जायचे. रिलेत ते जड वाटलेले मला आठवत नाहीत. ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावर, उभं राहिलं की आपल्या संघातली दुसरा लेग पोहणारी मुलगी परत येताना दिसते. आधी नुसती टोपी, मग फेस, मग पाण्यातून वर येणारा तिचा कोपर. शेवटी शेवटी तिची पाचही बोटं स्वच्छ दिसायला लागतात. आपल्या पायाची बोटं ब्लॉकच्या कडेवर आवळलेली, आणि मागून चौथी आपल्याच नावाने ओरडत असते. ती बोटं भिंतीला लागताना पाहणं आणि त्याच क्षणी हवेत असणं, याची गोडी ज्याला लागली तो पोहणं सहजी सोडत नाही. पुढे रेल्वेत नोकरी लागली ती त्याच पदकांवर. बाबांसाठी हेही लिहून ठेवते.

दहावीचं म्हणाल तर थांबवू नका, कमी करा. संध्याकाळची बॅच बंद, सकाळच्या तीन-चार ठेवा. जून ते सप्टेंबर पावसात मुलांना सर्दी-खोकला लागतो, तेव्हा घरचे 'आता पुरे' म्हणतात. तेवढे दिवस तग धरा. पाण्याची जाण गेली की परत आणायला फार वेळ लागतो. दमसास त्या मानाने लवकर परत येतो. सरांना एकच विचारा: तिची साध्या स्टार्टची वेळ आणि रिलेच्या स्टार्टची वेळ तुम्ही वेगवेगळी लिहून ठेवता का? ठेवत असतील तर मुलगी योग्य हातांत आहे.

ताई, आंतरशालेय स्पर्धेत आमचा रिलेचा संघ बाद झाला आणि तो माझ्यामुळे. मी दुसरा लेग होतो. पहिल्याचं डोकं झेंड्यांखाली आलं की मी मनात एक-दोन-तीन मोजून उडी मारतो. सरावात कायम बरोबर यायचं. त्या दिवशी लवकर गेलो. मित्र बोलत नाहीयेत. टेकओव्हर (एक भिंतीला पोचताच दुसऱ्याने सुटणं) सुधारायचा कसा?
— अकरावीतला एक मुलगा, चेंबूर

मित्र बोलतील. पुढच्या रिलेला त्यांना चौथा लागणारच आहे. आपण मोजण्याकडे वळू.

ते झेंडे भिंतीपासून पाच मीटरवर असतात, पाठीवर पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून. तिथून भिंतीपर्यंत तुझा मित्र ताजा असताना जितक्या वेळात येतो तितक्याच वेळात शंभर मीटर जीव तोडून पोहल्यावर येत नाही. हात आखूड पडतो, शेवटी एखादा जास्तीचा मारावा लागतो. सरावात तुम्ही टेकओव्हर कधी करता? माझा अंदाज, सुरुवातीला, अंग मोकळं झालं की. मग तुझे तीन आकडे ताज्या मित्राला जुळले आणि दमलेल्याला जुळले नाहीत, यात नवल काही नाही. मोजणं आजपासून बंद.

नियम आधी नीट समजून घे. ब्लॉकवर तू हलू शकतोस, हात फिरवू शकतोस, पुढे झुकू शकतोस. अट एकच: मित्राचा हात भिंतीला लागेपर्यंत तुझा पाय ब्लॉकला लागलेला असला पाहिजे. मोठ्या स्पर्धांत हे यंत्र मोजतं आणि तिथे ०.०३ सेकंदापर्यंतची सूट असते, म्हणजे यंत्राने उणे ०.०३ दाखवलं तरी चालतं, उणे ०.०४ ला संघ बाद. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत असं यंत्र बहुधा नसतं. पंच ब्लॉकशेजारी उभे राहून तुझ्या पायांवर नजर ठेवतात आणि पाय सुटला की खाली भिंतीकडे बघतात. हात तोवर पोचलेला दिसला नाही तर पंचांचा हात वर जातो. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता करायचं काय. नजर डोक्यावर ठेवू नकोस, हातावर ठेव. लेनच्या तळाशी जी काळी रेघ असते तिच्या टोकाला भिंतीपासून दोन मीटरवर टी, म्हणजे आडवी रेघ, असतो. येणाऱ्याचं डोकं त्या टीवर आलं की त्याचा शेवटचा हात सुरू झालेला असतो. तिथे तू आपले हात फिरवायला घे: खाली, मागे, वरून पुढे. तुझे हात पुढे येतील तेव्हा त्याची बोटं भिंतीपाशी असतील, तुझं अंग ब्लॉकच्या पुढे झेपावलेलं असेल आणि फक्त पायाची बोटं मागे राहिलेली असतील. टेकओव्हर म्हणतात तो हाच. भिंतीला हात लागल्याचं बघून मग गुडघे वाकवणारा मुलगा अर्धा सेकंद तिथेच घालवतो.

रोज सरावाच्या शेवटी, सगळे थकलेले असताना, पंधरा मीटरवरून पूर्ण वेगात येऊन पाच-सहा टेकओव्हर करा. दर वेळी जोडी बदला, कारण ऐन वेळी क्रम बदलला तर वेगळ्याच माणसाचा हात ओळखावा लागतो. कोणीतरी मोबाइलवर बाजूने चित्रण करा, पाय आणि हात एकाच चौकटीत येतील असं. चित्रण सावकाश लावून बघितलंस की तुझं तुलाच कळेल, शिकवावं लागणार नाही.

अर्धं काम येणाऱ्याचं असतं, हे तुझ्या मित्रांनाही सांग. शेवटच्या पाच मीटरला श्वास नाही, मान वर नाही, आणि भिंतीशी तरंगत येणं तर अजिबात नाही. हात पुरा लांबवून, आहे त्या वेगात भिंतीवर यायचं. हात पोचत नाही असं वाटून मधेच अर्धा हात मारला की ब्लॉकवरच्याचा सगळा अंदाज कोलमडतो. तू लवकर गेलास ते खरं, पण त्या दिवशी पहिल्याने भिंतीपाशी काय केलं तेही एकदा बसून बघा, एकमेकांवर न चिडता.

यानंतरच्या पहिल्या शर्यतीत धोका घेऊ नकोस. पाव सेकंद उशिरा निघालास तरी शर्यत हातात राहते. बाद झालात तर काहीच राहत नाही. आणि हो, शर्यत जिंकली म्हणून आनंदाने पाण्यात उड्या मारू नका. बाकीचे संघ पोहून संपायच्या आत तुमच्यातला कोणी पाण्यात शिरला तर जिंकलेला संघसुद्धा बाद होतो. दर वर्षी एखाद्या शाळेचं असं होतं आणि पोरं रडतात. मला ते बघवत नाही.

टीव्हीवर रिले पाहताना कळत नाही की सर्वात वेगवान माणूस काही देश सुरुवातीला पाठवतात तर काही शेवटी. यात काही शास्त्र आहे का? आणि रिलेत एखादा विक्रमापेक्षा वेगात पोहला तर तो विक्रम धरतात का?
— निवृत्त शिक्षक, गिरगाव

गुरुजी, दुसरा प्रश्न आधी घेते, त्यातून पहिल्याचं अर्धं उत्तर मिळतं. विक्रम धरतात, पण फक्त पहिल्या लेगचा. पहिला माणूस सगळ्यांसारखा शिट्टीनंतर, भोंगा वाजल्यावर निघतो. बाकीचे तिघे पाय ब्लॉकवर असतानाच अंगाला वेग देऊन निघतात, त्यांना अर्ध्या सेकंदाहून जास्त फायदा मिळतो. म्हणून लेझॅकचे ४६.०६ विक्रमांच्या यादीत नाहीत. पण त्याच शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा ईमन सलिव्हन पहिला लेग ४७.२४ मध्ये पोहला आणि तो विश्वविक्रम ठरला, बर्नार्डचा विक्रम मोडून. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोहाला चीनच्या पान झानलेने ४६.८० चा विक्रम केला तोही रिलेच्या पहिल्याच लेगमध्ये. त्याच वर्षी पॅरिसला त्याने तो ४६.४० वर आणला, तिथे मात्र वैयक्तिक फायनलमध्ये.

आता क्रम. स्प्रिंट रिलेत पुढे असणाऱ्याला सपाट पाणी मिळतं. मागच्याला शेजारच्या लाटा आणि भिंतीवरून परतलेल्या लाटा अंगावर घ्याव्या लागतात. म्हणून एक मत असं की सर्वात वेगवान माणूस पहिला टाकून पाणी मोकळं करून घ्यावं. दुसरं मत, वेगवान माणूस शेवटी ठेवावा, त्याला पाठलाग जमतो. मी स्वतः शेवटी तिला ठेवते जी मागे पडलेली असताना घाबरत नाही, मग घड्याळावर ती तिसरी का असेना. पहिली ती, जिची स्टार्टची सुटण्याची वेळ चांगली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी ज्यांचे टेकओव्हर खात्रीचे त्या. यावर माझं बाकीच्या कोचांशी जमत नाही, पण मत बदलावं असं अजून काही दिसलेलं नाही.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये याच रिलेत पाठलागाचा डाव अमेरिकेवर उलटला, ते आपण पाहिलंच असेल. शेवटच्या लेगला अमेरिकेचा रायन लॉक्टी पुढे होता आणि फ्रान्सच्या यानिक अन्येलने त्याला गाठलं. फ्रान्स ३:०९.९३, अमेरिका ३:१०.३८.

हीटमध्ये (फायनलच्या आधीच्या फेरीत) पोहलेल्याला फायनलमध्ये घेतलं नाही तर पदक मिळतं का?
— बोरिवली

ऑलिम्पिकमध्ये मिळतं. त्याच लंडनच्या रिलेत लेझॅक हीट पोहला, फायनल नाही, आणि छत्तिसाव्या वर्षी रौप्यपदक घेऊन घरी गेला. आपल्याकडच्या स्पर्धांत नियम वेगवेगळे असतात, ते स्पर्धेच्या आधी संघ व्यवस्थापकाकडून समजून घ्या. पदक मिळो न मिळो, हीटच्या संघातलं नाव असलेला निकालाचा कागद मात्र मागून घ्याच.

भारताला पोहण्याच्या रिलेत कधी आंतरराष्ट्रीय पदक मिळालं आहे का? मुलांना सांगायला काही नसतं.
— क्रीडाशिक्षिका, विक्रोळी

आहे, सांगायला पुष्कळ आहे. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं, १ मिनिट ४.७ सेकंदांत. चार बाय शंभर फ्रीस्टाइल रिलेत भारताला कांस्यपदक मिळालं, त्या संघातही ते होते. शिवाय आपला वॉटर पोलोचा संघ सुवर्णपदक विजेता ठरला. सचिन नाग मूळचे बनारसचे, गंगेत पोहायला शिकलेले, पुढे कलकत्त्याला गेले. १९४७ च्या दंगलीत त्यांच्या पायाला गोळी लागली होती आणि तरी १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला ते पोहले. २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर ध्यानचंद पुरस्कार दिला गेला. एवढ्या माणसाला आयुष्यभरात सरकारी मान मिळू नये याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या महाराष्ट्रातलं नाव हवं तर कोल्हापूरचे वीरधवल खाडे. वयाच्या सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिक आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. १९८६ ला खजान सिंग यांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं, त्यानंतर आशियाई जलतरणात भारताला थेट हेच पदक. मुलांना या दोन गोष्टी सांगा आणि मग त्यांना शंभर मीटर पोहायला लावून घड्याळ दाखवा. बाई, १९५१ मधला १:०४.७ हा आकडा आपल्या मुलांच्या आवाक्यातला आहे, त्याने त्यांच्या डोळ्यांत चमक येते.

मुलगा राज्य पातळीवर रिले पोहतो. याच्यावर पुढे नोकरीचं काही होतं का, की नुसती हौस?
— एक वडील, मुलुंड

होतं. पण आपोआप होत नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस आणि सेनादलंही खेळाडू घेतात. कोणती स्पर्धा आणि कितवा क्रमांक चालतो हे पदाप्रमाणे ठरतं आणि ते नियम बदलत असतात, म्हणून जाहिरातीतलं बारीक टाइपातलं वाचा, कोणी सांगितलं म्हणून समजू नका. अर्जाआधी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते आणि घरं अडतात ती इथेच. रिलेच्या प्रमाणपत्रावर मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने आहे का ते पदक समारंभाच्या दिवशीच बघा. नंतर दुरुस्ती करायला चकरा माराव्या लागतात. निकालपत्रकात चौघांची नावं आहेत का तेही बघा, नुसतं 'महाराष्ट्र संघ, द्वितीय' असेल तर ते अपुरं पडू शकतं. सगळ्याची एक प्लास्टिकची फाइल करा आणि पावसाळ्यात ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.

महागडा रेसिंग सूट आत्ता घेऊ नका. पूर्ण अंगाचे ते पॉलियुरेथेनचे सूट २०१० पासून बंद झाले, आणि हल्लीच्या गुडघ्यापर्यंतच्या सूटचा फायदा तुमच्या मुलाच्या टर्नइतका मोठा नाही. तेच पैसे लोकलच्या पासाला, अंड्यांना आणि चांगल्या गॉगलला लावा. सकाळी साडेचारला उठणाऱ्या मुलाला तलावाबाहेर पडताक्षणी खायला डबा लागतो. वडापावने ते भागत नाही.

मी बावन्न वर्षांची आहे. लग्नाआधी कॉलेजच्या रिलेत होते. आता आम्ही चौघी मैत्रिणी पुन्हा शिवाजी पार्कच्या तलावावर जायला लागलो आहोत. या वयात स्पर्धेचं मनात आणणं बरं दिसतं का? आमच्यातली एक एकोणसाठची आहे.
— विलेपार्ले

तुमचं पत्र वाचून मी सरळ पेन घेऊन बेरीज करायला बसले. मास्टर्सच्या स्पर्धांत पंचवीस वर्षांपुढचे सगळे पोहतात आणि रिलेचे गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरतात: १०० ते ११९, १२० ते १५९, १६० ते १९९, २०० ते २३९, आणि पुढे असेच. तुम्ही बावन्न, मैत्रीण एकोणसाठ, म्हणजे दोघींचे १११ झाले. उरलेल्या दोघी पंचेचाळिशीच्या पुढच्या असतील तर तुम्ही २०० ते २३९ मध्ये बसता. एकोणसाठची मैत्रीण तुमची अडचण नाही; तिच्यामुळेच तुम्ही या गटात येता, तिला अजिबात सोडू नका. मास्टर्समध्ये रिले चार बाय पन्नासची असते, म्हणजे एकेकीला पन्नास मीटर. दोन पुरुष मिळाले तर मिश्र रिलेही पोहता येते.

सुरुवातीचे दोन महिने ब्लॉकवरून सूर मारू नका, पाण्यातून भिंत ढकलूनच निघा. खांदे आणि कंबर तयार झाली की खालच्या कठड्यावरून, मग ब्लॉकवरून. डॉक्टरांना एकदा रक्तदाब दाखवून घ्या, चौघींनीही. पन्नास मीटर एका दमात जायला लागलात की एकमेकींच्या वेळा एका वहीत लिहा. टेकओव्हरचं मी वर चेंबूरच्या मुलाला लिहिलं आहे, ते तुम्हालाही तसंच लागू. फक्त तुमच्यातल्या ज्या चष्मा लावतात त्यांनी नंबरचे गॉगल करून घ्यावेत, नाहीतर येणाऱ्या मैत्रिणीचा हात दिसणार नाही.

आणि क्रम ठरवताना आधी बघा, चौघींमध्ये न घाबरणारी कोण आहे. तिला शेवटी ठेवा.